आजीची काविळीची वही

मागच्या दिवाळीत गावचा माळा आवरताना आजीची वही सापडली. घरच्यांना ठाऊक आहेच, बाकीच्या मित्रमंडळींसाठी सांगतो: आजी काविळीचं औषध द्यायची. पावसाळ्यात परसात उगवणारी भुईआवळी मुळासकट उपटायची, धुऊन वाटायची, आणि तो रस गाईच्या दुधातून अनशापोटी तीन दिवस. तेल-तूप बंद, उसाचा रस सुरू. मग अंगात ताकद यावी म्हणून गुळवेलीचा काढा. पैसे घेतले तर गुण जातो म्हणायची.

वहीत नाव, गाव, तारीख आणि शेवटी एकच शेरा, 'उतरली'. पानंच्या पानं 'उतरली'! लहानपणी मला आजी म्हणजे साक्षात धन्वंतरी वाटायची.

आता त्या शेऱ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतो. घाण पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण बरी होते. रस प्या, गळ्यात माळ घाला, नाहीतर नुसते पडून राहा... कावीळ उतरते, आणि श्रेय औषध देणाऱ्याला मिळतं. आजी काही फसवत नव्हती. तिला तसंच दिसत होतं.

मग भुईआवळीत काहीच नाही? या प्रश्नाच्या मागे चांगली मोठी माणसं लागली होती. हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा माग काढणारे, १९७६ सालचे नोबेल विजेते बारुक ब्लूमबर्ग आणि मद्रासचे त्यागराजन यांनी सहकाऱ्यांसह १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये एक प्रयोग छापला. बीचा विषाणू अंगात घर करून बसलेल्या लोकांना महिनाभर भुईआवळीची पूड दिली. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. खोटं औषध दिलेल्या २३ जणांत फक्त एकाची. केवढी खळबळ उडाली असेल! पण पुढे थायलंडमध्ये आणि न्यूझीलंडमध्ये करून पाहिलं, तर तसं काही घडलं नाही. बीला खरा अटकाव केला तो लसीनं.

गुळवेलीची गोष्ट तर अगदी अलीकडची. करोनाच्या काळात आमचे काका 'ताकदीसाठी' रोज पेलाभर काढा घ्यायचे. तशी घरोघरी हीच तऱ्हा होती. मुंबईतल्या डॉक्टरांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झालेली पाहिली आणि २०२१ साली ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं लगेच हरकत घेतली, की वनस्पती नीट ओळखलेलीच नाही, सारखी दिसणारी दुसरी वेल असेल. वाद राहू दे, पण यकृतासाठी म्हणून घेतलेली गोष्ट यकृतालाच नडू शकते, हे ऐकून काकांनी काढा थांबवला. काकूनं सुटकेचा निःश्वास टाकला. (पातेलं घासून तीच वैतागली होती.)

असो. वहीत मी ज्या पानावर अडकलो ते १९७१ चं. नाव माझ्या थोरल्या आत्याचं. पहिलटकरीण, सातवा महिना, माहेरी आलेली. मी तिला पाहिलेलं नाही. भिंतीवरच्या फोटोतली आत्या तेवढी माहीत. तारीख आहे, तिन्ही दिवसांच्या खुणा आहेत. पुढे शेरा नाही.

१९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली होती. तिच्यात गरोदर बायका जास्त दगावल्याची नोंद तेव्हाच झाली. तो ई विषाणू होता, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. शेवटच्या तीन महिन्यांत तो शंभरातल्या वीसेक जणींचा जीव घेतो. पण दिल्लीतली ही नोंद आमच्या गावापर्यंत कोण आणणार?

आत्याच्या पानानंतरही औषध चालूच आहे. 'उतरली', 'उतरली'. मात्र मधूनच एखाद्या बाईच्या नावापुढे 'दोन जिवांची' असं लिहिलंय, आणि तिथे रसाच्या खुणा नाहीत. शेऱ्याच्या जागी आजीच्या वाकड्या अक्षरात 'तालुक्याला पाठवली'. तिथे तरी या काविळीवर कुठे औषध होतं! पण निदान सलाईन होतं, रक्त होतं, डॉक्टर होते.

अशा अकरा जणी मी मोजल्या.