दिल्लीचा वर्ग आणि वर्गाचा ग्रुप

१५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू झाला. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोचवण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला होता. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी आकाशात गेल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने तोच विचार महाविद्यालयांपर्यंत आणला. पुणे विद्यापीठासह काही ठिकाणी माध्यम केंद्रे उभी राहिली, तिथे कार्यक्रम तयार होऊ लागले. हेतू उदात्त होता: लहान गावातल्या पदवीच्या विद्यार्थ्यालाही उत्तम तज्ज्ञ ऐकायला मिळावा. मात्र प्रसारण भर दुपारी, भाषा सुरुवातीला इंग्रजी, आणि विषय मुद्दामच अभ्यासक्रमाबाहेरचे. वेळापत्रकात त्याला तास नव्हता आणि परीक्षेत गुण नव्हते. पडद्यावरचा प्राध्यापक समजला नाही, तर त्याला थांबवण्याची सोय नव्हती. दर्जा चांगला असूनही हा वर्ग महाविद्यालयाच्या भिंतीबाहेरच राहिला, याचे कारण मला इथे दिसते. वर्गात रोज उभ्या राहणाऱ्या शिक्षकाच्या हाती त्यातले काहीच नव्हते.

ही उणीव कोणाच्या लक्षात आली नाही असे नाही. २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठी सोडलेल्या एज्युसॅटमध्ये दुहेरी संवादाची सोय होती. पण एका स्टुडिओसमोर अनेक केंद्रे बसली की प्रश्न विचारण्याची पाळी मोजक्यांनाच येणार, हे उघड आहे. नंतर २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि कोणत्याही परिपत्रकाशिवाय व्हॉट्सअ‍ॅप महाविद्यालयांत शिरले. ‘एसवायबीएस्सी फिजिक्स’ अशा नावाचा ग्रुप उघडून पाहावा. फळ्यावरच्या सिद्धतेचा किंचित तिरका फोटो, सबमिशनची तारीख, कोणीतरी स्कॅन केलेल्या नोट्स, आणि मध्येच प्रश्न: ‘सर, तिसऱ्या ओळीत उणे चिन्ह हवं ना?’ त्याखाली सरांचा दीड मिनिटाचा मराठी व्हॉइस मेसेज; ‘इंटिग्रेशन’, ‘लिमिट’ हे शब्द इंग्रजीच, बाकी समजावणे आपल्या बोलीत. ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ला जे साधले नव्हते, ते इथे रोज घडते. माध्यमे बदलत गेली, पण टिकले तेच, ज्यात उलट विचारता येते आणि उत्तर देणाऱ्याला विचारणारा ठाऊक असतो.

यावर एनपीटेलचे उदाहरण पुढे येईल, आणि ते वजनदार आहे. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेने २००३ पासून उभारलेली ही व्याख्याने देशभर पाहिली जातात, आणि ती एकतर्फीच आहेत. पण ती थांबवता येतात, मागे नेता येतात, आणि अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाला व गेटसारख्या परीक्षांना थेट उपयोगी पडतात. शिवाय त्यांचा फायदा मुख्यतः इंग्रजी पचवलेल्या, स्वतःहून अभ्यासाला बसणाऱ्या विद्यार्थ्याला होतो. कला-वाणिज्य शाखेत मराठीतून शिकणाऱ्याला अजूनही आपल्या सरांचा किंवा मॅडमचाच आधार लागतो. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: ग्रुपवर शिकवणे कमी आणि पीडीएफचा ढीग जास्त. हे अनेक ठिकाणी खरे आहे. शिवाय मोबाइल सगळ्यांकडे सारखा नसतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे शहरी भागात ४२ टक्के, तर ग्रामीण भागात जेमतेम १४.९ टक्के होती. २०२० च्या मार्चमध्ये महाविद्यालये बंद झाली तेव्हा त्या दरीची किंमत विद्यार्थ्यांनी मोजली. म्हणून ग्रुप हा वर्गाची जागा घेईल असे म्हणणे चुकीचे ठरेल. वर्ग भरत असताना, त्याच शिक्षकाच्या हाती, तो वर्गाला जोड देतो. माझे म्हणणे एवढेच आहे.

धोरण मात्र अजून १९८४ च्याच वाटेने जाते. २०१७ मध्ये ऑनलाइन अभ्यासक्रमांचे ‘स्वयम’ हे सरकारी व्यासपीठ आले. त्यावरच्या अभ्यासक्रमांतून मिळवता येणाऱ्या श्रेयांकांची मर्यादा २०१६ च्या नियमांत २० टक्के होती, ती २०२१ मध्ये ४० टक्के झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत ई-सामग्री तयार करणाऱ्या प्राध्यापकाला गुण मिळतात. सहायक प्राध्यापकाचा कार्यभार तिथे आठवड्याला १६ तास अध्यापनाचा धरला आहे. रात्री साडेनऊला उणे चिन्हाचा घोळ सोडवणाऱ्याची वेळ त्या १६ तासांत बसत नाही.