कमरेतील सुई आणि नंतरचे दुखणे

आम्ही वैद्य नव्हे. तुमसरकडील मँगेनीजच्या खाणी आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका यांच्यातच आमची उमर गेली. तथापि त्यांच्या आजारपणात रुग्णालयाच्या बाकावर इतक्या रात्री काढल्या की, कमरेत सुई देऊन भूल देण्याच्या विद्येचा इतिहास आम्ही चिकाटीने वाचून काढला. या विद्येतला बीअरसाहेबांचा पहिला रोगीही मजूरच निघाला!

१६ ऑगस्ट १८९८ रोजी जर्मनीतील कील येथे डॉ. ऑगस्ट बीअर यांनी ३४ वर्षांच्या एका मजुराच्या मणक्यांमधून कोकेन सोडले आणि क्षयाने बिघडलेल्या घोट्यावर शस्त्रक्रिया केली. कापताना त्याला दुखले नाही. दोन तासांनी मात्र पाठ आणि पाय ठणकू लागले, वांती झाली, डोके फुटू लागले. आठवड्याभरात बीअरांनी तीच सुई स्वतः टोचून घेतली आणि डोकेदुखीने अंथरूण धरले. रोग्याचे भोग स्वतः भोगून पाहणारा हा माणूस आम्हांला आवडला.

भूल उतरल्यावरच्या दुखण्याचे काय? १९०१ साली राकोविचानू-पितेश्ती या रुमानियन शल्यवैद्यांनी कोकेनला अफूच्या अर्काची जोड देण्याचा आपला अनुभव पॅरिसला मांडला. परंतु ही जोड नेमके काय करते, हे त्या काळी कोणालाच उलगडून सांगता येत नव्हते. कल्पना पाऊण शतक मागे पडली. १९७३ साली अफूचा अर्क शरीरात जेथे चिकटतो त्या जागा मेंदूत सापडल्या. १९७६ साली याक्श व रूडी यांनी उंदरांच्या मज्जारज्जूपाशी मॉर्फीन सोडून वेदना तेथेच अडते हे दाखविले. १९७९ साली माणसांवरचा अनुभव प्रसिद्ध झाला.

बुपिवाकेन हे आजचे नेहमीचे औषध म्हणजे बंद केलेले रेल्वे फाटक. पाय हलत नाही, स्पर्श कळत नाही, सारीच वाहतूक थांबते. मॉर्फीन फक्त दुखण्याची गाडी अडविते. त्यासाठी मिलिग्रॅमचा दहावा भाग पुरतो आणि आराम जवळजवळ दिवसभर टिकतो. फेंटानिलचा आराम काही तासांचाच. पोट चिरून बाळंत झालेल्या विडीवालीला पहिल्याच रात्री उठून पोराला पाजावे लागते. तिच्या लेखी हा हिशेब लहान नव्हे.

आपल्याकडे नीमच-मंदसौरच्या शेतकऱ्यांनी परवान्याने अफू पिकवावी आणि रोग्याने मात्र कण्हत पडावे, असा विचित्र प्रकार होता. १९८५ च्या कायद्याने परवान्यांचे जंजाळ उभे केले. २०१४ च्या दुरुस्तीने ते बरेच सैल झाले.

पण खरी अडचण वेगळीच आहे. मॉर्फीनने अंगाला खाज सुटते, लघवी अडते, आणि क्वचित कित्येक तासांनी, बहुधा मध्यरात्री, श्वास मंदावतो. तो मोजायला कोणीतरी जागे हवे. साठ खाटांना एकच परिचारिका असेल, तर शहाणा भूलतज्ज्ञ ही जोड देण्याचे टाळतो, आणि त्याला दोष देता येत नाही. म्हणून मागणीपत्र लिहावयाचे झाल्यास आम्ही औषधाचे नाव दुसऱ्या ओळीत घालू. पहिल्या ओळीत रात्रपाळीच्या परिचारिकांची संख्या.