नाव, चेहरा आणि एक कॅसेट

गेल्या महिन्यात वडनेरहून भाच्याचा फोन आला. तो गिटार वाजवतो, स्वतः चाली लावतो, आणि मोबाइलवर गाणी रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकायची त्याची तयारी चालली आहे. सगळं जमलं होतं, फक्त एक अडलं होतं.

"मामू, चॅनलवर नाव काय लिहू?"

"तुझं आहे ते लिही."

थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "शेख काढून टाकलं तर? नुसतं पहिलं नाव, किंवा दुसरंच काहीतरी. लोक आधी नाव वाचतात मामू, गाणं नंतर ऐकतात."

मी त्याला रागावलो नाही, कारण तसा हक्कच मला नव्हता. हिंगणघाटला कॉलेजात असताना तीन वर्षं मला सगळे सोनू म्हणत. ते नाव मित्रांनी दिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी शेजारच्या बाकावरच्या मुलाला ते मीच सांगितलं होतं. घरातलं लाडाचं नाव आहे, एवढंच मी स्वतःला समजावलं. पण घरात मला सोनू कुणीच म्हणत नव्हतं.

"दोन दिवस दे, सांगतो," म्हणून मी फोन ठेवला. त्या दोन दिवसांत मला एक कॅसेट आठवत राहिली.

वडनेर हिंगणघाटच्या पुढे, नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. गावात कापूस, आणि रस्त्यावर दिवसरात्र ट्रक. आमच्याकडे नवी गाणी रेडिओच्या आधी ट्रकमधून यायची. रस्त्यालगत पंक्चरचं दुकान होतं. टायर उघडून ट्यूब पाण्यात बुडेपर्यंत ड्रायव्हर टेप चालूच ठेवायचे. बप्पी लाहिरी, अल्ताफ राजा, दलेर मेहंदी मी तिथेच उभा राहून ऐकले. 1996 नंतर केव्हातरी तिथेच एक वेगळा आवाज कानावर पडला. आवाज किंचित खरखरीत होता, गाणारा घाईत नव्हता. मागे ढोलकांचा गदारोळ नव्हता, गिटार होती आणि भरपूर मोकळी जागा होती. गाणं होतं 'ओ सनम', आणि कॅसेट होती लकी अलीची 'सुनो'.

मी हिंगणघाटच्या एका दुकानातून ती कॅसेट भरून घेतली. ज्यांनी कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून घेतली आहेत त्यांना ठाऊक असेल, वरचं कार्ड दुकानदार हाताने लिहून द्यायचा. माझ्या कार्डावर निळ्या पेनाने दोनच शब्द होते : लकी अली. ते नाव मी कितीतरी वेळ बघत बसलो होतो. तेव्हा कारण कळलं नव्हतं, आज थोडंफार कळतं.

लकी अलीचं पूर्ण नाव मकसूद महमूद अली. जन्म मुंबईचा, 1958 चा. विनोदी नट महमूद हे त्याचे वडील. आजोबा मुमताज अली बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांत नर्तक आणि नट होते. मीनाकुमारी त्याची खाला, आईची सख्खी बहीण. एका घराण्यातली ही नावं ओळीने मांडली की हिंदी सिनेमातल्या मुसलमानांच्या नावांचा इतिहासच समोर येतो.

बॉम्बे टॉकीजमध्येच देविकाराणींनी युसूफ खान या तरुणाला दिलीपकुमार केलं. त्याचा पहिला चित्रपट 'ज्वार भाटा' 1944 चा. महजबीन बानो या लहान मुलीला विजय भट्ट यांनी बेबी मीना केलं, पुढे ती मीनाकुमारी झाली. मुमताज जहाँची मधुबाला झाली. महमूद मात्र महमूदच राहिले, पण ते हसवणारे होते. पडद्यावर ज्याच्या प्रेमात पडायचं, त्याचं नाव बदलायचं. ज्याला हसायचं, त्याचं नाव आहे तसं चालायचं.

आता गायकांकडे पाहा. मोहम्मद रफी, शमशाद बेगम, तलत महमूद. नावं जशीच्या तशी. तलतनी कलकत्त्याला बंगाली गाणी 'तपनकुमार' या नावाने गायली, पण हिंदीत ते तलत महमूदच होते. असं का? गायकाचा चेहरा दिसत नव्हता म्हणून. आवाज पडद्यामागे होता आणि पडद्यावर ओठ दुसऱ्याचे हलत होते. मुसलमानाचं नाव आवाजाला चालत होतं, चेहऱ्याला अडत होतं. आपल्या करमणुकीच्या धंद्याने हा व्यवहार कुठे लिहून ठेवला नाही, पण पाळला मात्र अनेक वर्षं.

याला अपवाद होते. कव्वाल आपल्या नावाने आणि आपल्या चेहऱ्याने गात. मुंबईचे अझीझ नाझां घ्या. पण तिथे टोपी, जाकीट, टाळी, सगळं आधीच ठरलेलं. मुसलमानाने मुसलमानासारखं दिसून गायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला गोंधळ नको. नाझिया हसनचं 'डिस्को दिवाने' 1981 मध्ये आलं आणि आपल्याकडे तुफान चाललं. पण ती पाकिस्तानातली, लंडनमध्ये वाढलेली. तिला आपल्यातल्या कुठल्याच खणात बसवायची कुणाला गरज पडली नाही.

आणि आपल्या मराठीतला अपवाद तर घरचाच. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. गिरणगावात आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफ घेऊन उभा राहिलेला हा माणूस महाराष्ट्राला शाहीर अमर शेख म्हणून ठाऊक आहे. नाव त्यांनीही बदललं. पण गंमत बघा, पहिलं नाव कुणालाही आपलं वाटावं असं घेतलं आणि दुसरं थेट 'शेख'. 'पटेल' ठेवलं असतं तर कुणी धर्म विचारलाही नसता. अमर शेख आणि लकी अली, या दोन नावांची ठेवण एकच आहे. निम्मं नाव सगळ्यांचं, निम्मं आपलं, आणि लपवलेलं काहीच नाही.

पण लकी अली गायक म्हणून आला नव्हता, तो आधी नट होता. लहानपणी वडिलांच्या मंडळींबरोबर पडद्यावर दिसला, पुढे श्याम बेनेगल यांच्या 'त्रिकाल'मध्ये (1985) होता आणि नंतर त्यांच्याच 'भारत एक खोज' या दूरदर्शन मालिकेत. ही मालिका 1988 मध्ये सुरू झाली. तिचा आधार असलेलं नेहरूंचं पुस्तक 1944 मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, तुरुंगात लिहिलं गेलं. त्याच किल्ल्यात नेहरूंसोबत मौलाना अबुल कलाम आझाद कैदेत होते आणि तिथेच त्यांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं लिहिली. त्यातलं एक लांबलचक पत्र संगीतावर आहे. आपण तरुणपणी सतार कशी शिकलो आणि चांदण्या रात्री ताजमहालात बसून ती कशी वाजवली, हे त्यात कुराणाचा भाष्यकार असलेला हा आलीम न संकोचता सांगतो. गाणं जायज की नाजायज हा वाद आपल्या घराघरांत आजही निघतो. तो निघाला की मला हे पत्र आठवतं. वाद त्याने मिटत नाही. पण एवढ्या मोठ्या आलिमालाही सतारीचा ओढा होता, हे तरी कळतं.

आमच्या अब्बांना गाणं पसंत नव्हतं. हिंगणघाटला खालाकडे केबल होती. एका दुपारी तिथे 'ओ सनम'चा व्हिडिओ लागला. मी उठून टीव्ही बंद करणार तोच पडद्यावर वाळवंट आणि पिरॅमिड आले. अब्बा म्हणाले, "थांब. हे तर मिसर आहे. फिरऔनचं मिसर." त्यांनी गाणं संपेपर्यंत पाहिलं. मूसा अलैहिस्सलामांच्या गोष्टीतला मुलूख त्यांनी पहिल्यांदाच हलत्या चित्रात पाहिला होता. शेवटी विचारलं, "मुलगा कुणाचा हा?" महमूदचा म्हटल्यावर हसले. पुढे घरात ती कॅसेट लागली तर ते काही बोलत नसत, फक्त अजानच्या वेळी बटण दाबायचे.

तो व्हिडिओ महेश मथाई यांनी इजिप्तमध्ये चित्रित केला होता. गाण्याचे शब्द सय्यद अस्लम नूर यांचे, आणि अल्बमची संगीतरचना सांभाळली ती न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या मिकी मॅकक्लिअरी यांनी, जे तेव्हा लकीचे मेहुणे होते. अल्बम काढताना लकी अली कोवळ्या वयाचा नव्हता, सदतीस-अडतीस वर्षांचा होता. 'सुनो'ला स्क्रीन पुरस्कार मिळाला, चॅनल व्हीच्या प्रेक्षकांनी त्याला निवडलं.

हे जमण्यासाठी काळही जुळून आला होता. 1991 नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, पाठोपाठ गाण्यांच्या वाहिन्या आल्या. त्यांना चोवीस तास दाखवायला काहीतरी हवं होतं आणि सिनेमाची गाणी पुरत नव्हती. 1995 मध्ये अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं, पुढच्या वर्षी हरिहरन आणि लेस्ली लुईस यांचं 'कलोनियल कझिन्स'. गायकाचा आवाज, चेहरा आणि नाव पहिल्यांदाच एका जागी आले. मधला ओठ हलवणारा नट गेला. सिनेमाने ज्या फटीत तो जुना व्यवहार चालवला होता, ती फटच बुजली. आणि तिथे हा माणूस उभा राहिला. साधा शर्ट, हातात गिटार. कव्वाली नाही, शेरवानी नाही, कपाळावर कुठली पाटी नाही, आणि मागे सरळ 'अली'.

म्हणजे तो काळ फार निर्मळ होता असं मी म्हणत नाही. मुंबईच्या दंगलींना तीनच वर्षं झाली होती. त्यांची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोग राज्य सरकारने जानेवारी 1996 मध्ये गुंडाळला आणि मे महिन्यात पुन्हा जिवंत केला. 'सुनो'ही त्याच वर्षातली. एकीकडे अनेक मुसलमान कुटुंबं दारावरच्या पाट्या काढत होती, आणि दुसरीकडे त्याच महाराष्ट्रातल्या कॉलेजांत पोरं-पोरी अलीचं गाणं म्हणत एकमेकांच्या प्रेमात पडत होती. दोन्ही खरं होतं. मी स्वतः त्याच काळात सोनू होतो, आणि माझ्या बॅगेत ती कॅसेट होती.

ती खिडकी फार काळ उघडी राहिली नाही. 1998 मध्ये लकीचा 'सिफर' आला. जानेवारी 2000 मध्ये 'कहो ना प्यार है' आला. त्यातल्या 'ना तुम जानो ना हम'साठी त्याला फिल्मफेअर मिळालं, पण तिथे ओठ हृतिक रोशनचे होते. आवाज पुन्हा पडद्यामागे गेला. हळूहळू सिनेमानेच सगळं बाजारपेठ गिळलं आणि स्वतंत्र अल्बमांची वर्षं सरली. लकी अली अधूनमधून गात राहिला, गर्दीपासून लांब.

2020 च्या अखेरीस, कोरोनाच्या दिवसांत, गोव्यातल्या आरंबोळचा एक व्हिडिओ घरोघरी फिरला. पांढरी दाढी, डोक्याला कापड, मांडीवर गिटार, आणि तेच 'ओ सनम'. माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर तो चार जणांनी टाकला, चौघेही हिंदू. एकाने लिहिलं, "सोन्या, तुझी कॅसेट आठवली बे." आणि 2024 मध्ये त्याच लकी अलीने समाजमाध्यमावर लिहिलं की आज जगात मुसलमान असणं ही एकाकी गोष्ट झाली आहे. हे मी वाचलं तेव्हा तो व्हिडिओ माझ्या फोनमध्ये होताच. इतकं प्रेम मिळालेला माणूस असं लिहितो, तर त्याची तक्रार खोटी म्हणावी की ते प्रेम खोटं म्हणावं? मला दोन्ही खोटं म्हणता येत नाही. आवाजावर प्रेम करणं आणि त्या नावाच्या माणसाला शेजारी घर देणं, या आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी राहिल्या आहेत.

दोन दिवसांनी मी भाच्याला फोन केला. त्याला बॉम्बे टॉकीजपासून बार्शीपर्यंत सगळं सांगितलं. सोनूचंही सांगितलं, ते त्याला माहीत नव्हतं. म्हटलं, नाव बदललं म्हणून युसूफ खान लहान झाले नाहीत. त्यांच्या पोटाचा प्रश्न होता, त्यांना नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. पण नाव तू तुझ्या मर्जीने निवड, कुणाच्या भीतीने नको. आणि भीतीनेच निवडलंस, तर निदान स्वतःशी कबूल कर. मी कबूल करायला पंचवीस वर्षं लावली.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मामू, त्या 'सुनो'मधली गाणी पाठव ना. गिटार कशी वाजवली आहे ते ऐकायचं आहे."

मी पाठवली. परवा त्याने आपलं पहिलं गाणं टाकलं. खाली पूर्ण नाव आहे, शेखसकट. पहिल्या दिवसाच्या प्रतिक्रियांत दोन घाणेरड्या होत्या. त्या त्याने वाचल्या, पुसल्या आणि मला फोन केला. मला वाटलं, आता नाव काढायचं म्हणेल. पण तो विचारत होता, दुसऱ्या कडव्यात गिटार थोडी मागे पडली आहे का?

पडली होती. मी तसं सांगितलं.