लाळ आणि हिरड्यांचा दाह

पायोरियात, म्हणजे हिरड्यांच्या जुनाट दाहात, लाळेचे घटक आणि रोगप्रतिकारक पेशी यांचे परस्परसंबंध महत्त्वाचे असतात. तोंडात दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ पाझरते. तिच्यातील लायसोझाइम, लॅक्टोफेरिन व आयजीए प्रतिपिंडे जंतूंना आवर घालतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी दात व हिरडी यांमधल्या फटीतून लाळेत सतत उतरत असतात. हिरडी सुजली की त्यांची संख्या खूप वाढते.

खरी गुंतागुंत इथे आहे. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जंतू जिंजिपेन नावाची विकरे सोडतो. ती प्रतिपिंडे तोडतात आणि रक्तातील सी-५ या प्रथिनापासून सी-५ए तयार करतात. त्यामुळे न्यूट्रोफिल गर्दी करतात, पण जंतू मारण्याची त्यांची ताकद उणावते. मग त्यांनीच सोडलेली इलास्टेज व एमएमपी-८ ही विकरे हिरडीचे कोलॅजन विरघळवतात. म्हणून लाळेतील एमएमपी-८ व दाह वाढवणारे इंटरल्युकिन-१ बीटा यांची वाढलेली पातळी निदानाला उपयोगी पडते, तरी दातांभोवतीच्या खोबणीची खोली मोजण्याला ती पर्याय नव्हे.

मधुमेह व तंबाखूमुळे हा विकार बळावतो. तंबाखू ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे रोग झाकला जातो. ही बाब फार घातक. दात घासताना रक्त दिसल्यास दात हलण्याची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.