दहावर थांबलेली घासाघीस

किनवटच्या चहाच्या टपरीवर तुम्ही उभे आहात आणि विषय नेहमीचाच निघालाय, सागवानाचा. रातोरात लाकूड लांबवणाऱ्याचा बंगला झाला, आणि जन्मात एक फांदी न तोडलेला वनमजूर दवाखान्यापायी जमीन गहाण टाकून बसलाय. कुणीतरी उसासा टाकतो, "वर बघणारा आहे." दुसरा म्हणतो, "मग नुसता बघत का बसलाय?" टपरीवर हशा पिकतो, पण प्रश्न काही तुमची पाठ सोडत नाही. हाच प्रश्न हजारो वर्षं चिवटपणे धरून ठेवणारी माणसं जगात आहेत, आणि त्यांतली काही घरात मराठीच बोलत आली आहेत. चला त्यांच्याकडे.

पहिला मुक्काम मुंबई, 1880 नंतरची एक रात्र. किनवट या वेळी निजामाच्या राज्यात आहे. आदिलाबाद जिल्ह्यातून सुटून मुंबई राज्यात यायला 1956 उजाडायचंय. तुम्ही मांडवीतल्या इस्राएल मोहल्ल्यात शिरता. बायका नऊवारीत, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा. आडनावं दिवेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर. अलिबागकडच्या एखाद्या लग्नघरात आल्यासारखं वाटतं. हे बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या, ही यांची मूळकथा. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात यांना 'शनिवार तेली' म्हणत.

चौकात कीर्तन लागलंय. हो, कीर्तनच. बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि मंडळींनी 1880 च्या सुमारास हा आपला प्रकार त्यांच्या धर्मकथांसाठी उचलला. साकी, दिंडी सगळं ओळखीचं, मधूनच एखादा हिब्रू चरण. शेजारचे आजोबा सरकून जागा करतात.

"पाहुणे कुठले?"

"किनवटचे."

"म्हणजे मोगलाईतले. बसा, आमच्या मूळपुरुषाचं, अब्राहमाचं आख्यान आहे."

कथा सदोम नगराची आहे. पाण्याची, काळीभोर, सोन्यासारखी पिकणारी जमीन. गावाला कशाची ददात नाही. आणि माणसं अशी, की पाहुण्याला एकाच मापाच्या खाटेवर निजवायचे. उंच असला तर पाय छाटायचे, बुटका असला तर ताणायचे. एका पोरीनं चोरून भिकाऱ्याला भाकरी दिली, तर तिला मध फासून गावकुसावर ठेवलं आणि मधमाश्यांच्या हवाली केलं. हे तपशील मूळ ग्रंथात नाहीत, पुढच्या पंडितांनी रचलेत, पण सुखवस्तू दुष्टपणा त्यांना किती जवळून ठाऊक होता ते कळतं. अखेर देव नगर जाळायला निघतो, आणि अब्राहम आडवा येतो. भल्यांनाही दुष्टांबरोबर जाळणार? जगाचा न्यायाधीशच अन्याय करणार? पन्नास भले निघाले तर? देव म्हणतो, सोडतो. पंचेचाळीस? सोडतो. चाळीस, तीस, वीस. मांडवीच्या बाजारात वावरणाऱ्या श्रोत्यांना घासाघीस बरोबर कळते. प्रत्येक आकड्याला माना डोलतात. दहावर अब्राहम थांबतो. नगरात दहासुद्धा निघत नाहीत आणि ते जळतं.

"देव रागावला नाही, हे ध्यानात घ्या," आजोबा कानाशी म्हणतात. "दर खेपेला उत्तर देत गेला. आमच्यात सामुदायिक प्रार्थनेलाही दहाच पुरुष लागतात."

तुम्हाला गंगाखेडची जनाबाई आठवते. विठ्ठलाला तिनं घातल्या तेवढ्या शिव्या एखादी सासूही घालणार नाही. देवाशी भांडायला भक्तीचाच हक्क लागतो, हे मराठवाड्यात वेगळं शिकवावं लागत नाही.

पण तुमचा प्रश्न बंगलेवाल्याचा आहे, आणि सदोम तर जळलं. न जळणाऱ्यांचं काय? यिर्मया संदेष्ट्यानं देवाला तोंडावर तेच विचारलं होतं. आणि इयोब नावाच्या भल्या माणसाची मुलं, गुरंढोरं, अंगाची कातडी सगळं गेलं, तेव्हा मित्र त्याला समजावत बसले की तूच काहीतरी पाप केलं असशील. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या इयोबावर नाही. "मागच्या जन्मीचं भोगतोय" असं कुणाच्या तोंडावर म्हणणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

आता बरंच मागे चला, गालील प्रांतातल्या तिबेरियास गावी. दुसरं शतक. बार कोखबाच्या पुढारपणाखालचं ज्यूंचं बंड रोमनांनी 135 साली चिरडलंय, विद्वानांना हालहाल करून मारलंय. एलिशा बेन अबुया नावाचा थोर पंडित एक दृश्य पाहतो. बाप मुलाला सांगतो, इमारतीवर चढ, पक्षिणीला उडवून लाव आणि पिल्लं घेऊन ये. आईबापांचा मान राखणं आणि पक्षिणीला सोडणं, शास्त्रात या दोन्ही आज्ञांचं फळ दीर्घायुष्य असं सांगितलंय. पोरगा दोन्ही आज्ञा पाळतो, खाली पडतो आणि मरतो. एलिशानं आणखी एकाला पाहिलेलं असतं, ज्यानं शब्बाथ मोडून झाडावर चढून पक्षीण आणि पिल्लं दोन्ही नेली आणि सुखरूप घरी गेला. एलिशा धर्म सोडतो.

त्याच्याच मुलीचा मुलगा, रब्बी याकोव, पुढे म्हणाला की ते दीर्घायुष्य पुढच्या लोकीचं. मला हे उत्तर सोयीचं वाटतं. गरिबाला पुढच्या तारखेचा चेक देण्यासारखं. त्यापेक्षा रस्त्यावर पाहा. एलिशा शब्बाथच्या दिवशी, निषिद्ध असूनही, घोड्यावर बसून चाललाय आणि त्याचा शिष्य रब्बी मेईर पायी मागून चालत धडा घेतोय. मध्येच एलिशा लगाम खेचतो. मेईर, आता माघारी फीर, घोड्याच्या पावलांवरून मोजलंय, शब्बाथला चालायची दोन हजार हातांची मर्यादा इथं संपली. स्वतः धर्म सोडलेला गुरू शिष्याचा धर्म मोडू देत नाही. ही कहाणी तलमूद या ज्यू धर्मग्रंथानं गाळली नाही, जपून ठेवली.

परतताना कैरोजवळच्या फुस्तातमध्ये क्षणभर थांबा. बाराव्या शतकातला तत्त्ववेत्ता मोशे बेन मैमोन इथं वर्षभर अंथरुणाला खिळलाय. त्याचा धाकटा भाऊ दाविद व्यापारासाठी आपल्याकडे, हिंदुस्थानकडे येताना समुद्रात बुडाला. पुढे 1190 च्या सुमारास पुऱ्या झालेल्या ग्रंथात त्यानं लिहिलं की माणसाच्या वाट्याची बहुतेक दुःखं माणसंच एकमेकांना देतात किंवा स्वतः ओढवून घेतात. लाकूडचोराच्या बाबतीत तरी याला तोड नाही. त्याचा हिशेब आधी चौकीत आणि कोर्टात मागायला हवा, आभाळात नंतर.

आणि इ.स. 200 च्या आसपास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मग्रंथात रब्बी यन्नाई सरळ हात वर करतो: दुष्टांचं सुख आणि भल्यांचे हाल, दोन्हींचा उलगडा आमच्या हाती नाही. मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो तो हाच माणूस.

कीर्तन झालं त्या मोहल्ल्याची खूण आजही आहे. टिपूच्या कैदेतून सुटलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, उभारलं, 'शार हारहमीम', म्हणजे दयेचं दार. बेने इस्राएल त्याला मशीद म्हणत, आणि सीएसएमटीनंतरच्या मस्जिद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडल्याचं सांगतात. नंदीग्राम एक्स्प्रेसनं मुंबईला गेलात तर लोकलनं एकच स्टेशन पुढे जा आणि सॅम्युएल स्ट्रीट विचारा. आत शिरताना डोकं झाकायला रुमाल मात्र जवळ ठेवा.