वाघनखांच्या आधीचे चिलखत

२०२४ च्या जुलै महिन्यात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा आमच्या निपाणीहूनही पुष्कळ मंडळी ती पाहायला गेली. परत आल्यावर महिनाभर चर्चा एकच. ही तीच का, ती कोणत्या बोटांत बसत असतील, धार अजून आहे का. या साऱ्या बोलण्यात एक गोष्ट कोणी काढली नाही, आणि ती मला राहून राहून आठवत होती. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी पहिला वार खानाने केला. तो वार फुकट गेला म्हणूनच पुढे वाघनखांची पाळी आली. तो ज्याने फुकट घालवला, त्या अंगातल्या चिलखताविषयी आपण फारसे बोलत नाही. मारणारे हत्यार लोकांच्या लक्षात राहते, वाचवणारे वस्त्र राहत नाही.

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीस बसून जी बखर लिहिली, तीत खानाची जमदाड अंगातल्या कुडत्यावर खरखरल्याचा आणि अंगाला न लागल्याचा उल्लेख आहे. पुढे १८२६ साली ग्रँट डफने आपल्या इतिहासात पागोट्याखाली पोलादी कड्यांची टोपी आणि सुती अंगरख्याखाली कड्यांचे चिलखत, असा तपशील दिला. खान मात्र तलम मलमलीच्या वेषात आला होता, असेही तो सांगतो. या दोन वेषांतच त्या भेटीची अर्धी हकीकत आहे.

जरा त्या निवडीचा विचार करू. भेट सलोख्याची ठरलेली होती. राजे उघड चिलखत चढवून आले असते तर अविश्वास चव्हाट्यावर आला असता आणि भेटच मोडली असती. काहीच न घालता जाणे म्हणजे जीव पणाला लावणे. तेव्हा अंगरख्याखाली लपेल असे, मिठी मारताना हालचाल अडणार नाही असे आणि जवळून होणारा कट्यारीचा वार झेलील असेच काही हवे होते. धोका कोणता, तो किती अंतरावरून येणार आणि चारचौघांत आपण कसे दिसले पाहिजे, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी ठरली. वस्त्र त्यानंतर ठरले. रणांगणावरच्या शिपायाला तिसरा प्रश्न पडत नाही. नागरी वेषात वावरणाऱ्याला तो नेहमीच पडतो.

दख्खनेत त्या वेळी निवडीला वावही होता. लोखंडी कडी एकमेकांत ओवून केलेले चिलखत हा एक प्रकार. चांगल्या चिलखतात प्रत्येक कडीचे तोंड बारीक खिळ्याने बंद केलेले असे. हलक्यात ती टोके नुसती जुळवलेली असत आणि जोराच्या खुपशीने उघडत. चारआईना म्हणजे छाती, पाठ आणि दोन्ही कुशी झाकणारे चार पत्रे. हातांना दस्ताने. डोक्याला जिरेटोप, जिरह म्हणजे कड्यांचे चिलखत, आणि त्याचा टोप तो जिरेटोप. शिवाय कापसाचे थरावर थर टाचून केलेले जाड अंगरखे होते. उष्ण हवेत लोखंडापेक्षा तेच बरे पडत, तलवारीचा घावही बऱ्यापैकी पचवत. टिपू सुलतानाचा असा टाचलेला युद्धपोशाख विलायतेत आजही जपलेला आहे. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात तर माशाचे खवले आणि मगरीचे कातडे यांचे चिलखत आहे. माणसाने जीव वाचवण्यासाठी काय काय अंगावर घेतले, ते त्याच्यापुढे उभे राहिले की कळते.

कड्यांचे चिलखत आठ-दहा किलो सहज भरते. त्याचा सारा भार खांद्यावर येतो, म्हणून कमरेला पट्टा आवळून थोडा भार खाली घ्यावा लागतो. त्याच्या आत जाड कापूस हवाच. कडी पाते अडवतात, पण घावाचा दणका अडवत नाहीत. कातडी शाबूत राहते आणि आत बरगडी मोडते. जे अडवले ते दिसते, जे आत पोचले ते दिसत नाही. हे तत्त्व आजही बदललेले नाही.

राजेरजवाड्यांचे हे झाले. आमच्या मुलखातल्या सामान्य माणसाच्या अंगावर काय होते? घोंगडे. दख्खनी मेंढीच्या लोकरीचे, चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेले. पावसात डोक्यावर खोळ, थंडीत पांघरूण, रात्री अंथरूण आणि प्रसंगी ढाल. डाव्या हातावर घोंगड्याचे वेढे घेऊन लांडग्याच्या किंवा पिसाळलेल्या कुत्र्याच्या तोंडी तो हात द्यायचा आणि उजव्या हातातली काठी चालवायची, असे जुने धनगर सांगत. डोईवरच्या पटक्याचे आठ-दहा वेढेही काठीचा तडाखा बराच कमी करत. या वस्तू मुद्दाम संरक्षणासाठी घेतलेल्या नसत, आणि त्यांचे बळ नेमके त्यातच होते. रोजच्याच असल्याने धोक्याच्या घटकेला त्या अंगावर असत.

मग बंदूक आली आणि लोखंडी कड्यांचा हिशेब चुकला. निपाणीजवळच्या पट्टणकुडीला सप्टेंबर १७९९ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांसारखा मुरब्बी सेनापती कोल्हापूरकरांशी लढताना पडला. तोवर लढाईवर तोफाबंदुकांची छाया पुरती पडली होती. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या किल्ल्यापुढे धारवाडचा कलेक्टर थॅकरे गोळीनेच मेला. चिलखते हळूहळू खुंटीवर गेली आणि दसऱ्याच्या पूजेपुरती खाली येऊ लागली.

गोळी अडवण्याचा पहिला गंभीर नागरी प्रयत्न झाला तो शिकागोत, आणि केला एका धर्मोपदेशकाने. १८९३ साली त्या शहराच्या महापौराचा घरात खून झाला. त्यानंतर काझिमीर झेग्लेन या पोलिश धर्मगुरूने रेशमाचे घट्ट थर विणून बंडी केली आणि पुढे ती स्वतःच्या अंगावर घालून गोळी झेलून दाखवली. म्हणजे टाचलेल्या अंगरख्याचीच कल्पना, कापसाच्या जागी रेशीम. १९६५ मध्ये ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनातून केवलारचा धागा निघाला आणि रेशमाची जागा त्याने घेतली. गोळी या धाग्यांच्या जाळ्यात अडकते, तिचा वेग अनेक थरांत वाटला जातो आणि ती चपटी होऊन थांबते.

आपल्याकडे २०१८ साली भारतीय मानक ब्यूरोने अशा जाकिटांसाठी आयएस १७०५१ हे मानक काढले. त्यात कोणत्या शस्त्राच्या गोळीपुढे जाकीट टिकले पाहिजे, त्यानुसार पायऱ्या आहेत. घेणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारायचा. मऊ जाकीट पिस्तुलाची गोळी थांबवते, रायफलची थांबवत नाही. तिच्यासाठी कठीण पत्रे घालावे लागतात आणि वजन पुन्हा जुन्या चिलखताएवढे होते. गोळी अडवणारे कापड सुरीचे टोक अडवीलच असेही नाही. सुरीसाठी विणकामच निराळे लागते. ओल आणि ऊन यांनी धागा कमजोर होतो, म्हणून आमच्या बेळगावसारख्या चार महिने पावसात भिजणाऱ्या गावी ते ठेवण्याचीही काळजी हवी. दुसऱ्याच्या मापाचे जाकीट तर घेऊच नये. ते बेंबीपर्यंत लोंबले की छातीचा वरचा भाग उघडा पडतो.

एवढे करूनही शेवटचा प्रश्न उरतोच : त्या दिवशी ते अंगावर असेल का? ३१ ऑक्टोबर १९८४ च्या सकाळी इंदिरा गांधी पीटर उस्तिनोव्ह यांना दूरचित्रवाणीसाठी मुलाखत द्यायला निघाल्या होत्या. त्यांना संरक्षक जाकीट वापरण्याचा सल्ला दिलेला होता. कॅमेऱ्यापुढे जायचे म्हणून त्या सकाळी ते घातले नव्हते, असे सांगितले जाते. प्रतापगडावर जो तिसरा प्रश्न होता, तोच हा. दिसण्याचा. एका ठिकाणी त्याचे उत्तर अंगरख्याखाली सापडले, दुसऱ्या ठिकाणी चिलखत घरीच राहिले.

आणि काही संकटांवर अंगावरची कोणतीच वस्तू पुरत नाही. तंबाखूला भाव मागत शरद जोशींच्या मागे निपाणीच्या महामार्गावर मार्च १९८१ पासून बसलेल्या शेतकऱ्यांच्या डोक्यावर पटका होता, खांद्यावर घोंगडे होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि त्यांच्यातले काही घरी परतले नाहीत. सरकारी बंदुकीपुढे नागरिकाचे चिलखत कायद्याचे आणि शहाण्या राज्यकर्त्याचे असते. ते फाटले की बाकीचे कापड कुचकामी.

आता आपल्यापुरता हिशेब मांडू. या सीमाभागात मास्तर, शेतकरी, दुकानदार, यंत्रमागावरचा कामगार यांपैकी कितीजणांवर उद्या कोणी गोळी झाडणार आहे? फारच थोड्यांवर. पण तवंदी घाटातून रोज दुचाकीने वर-खाली करणारे हजारो आहेत. त्यांचा मृत्यू कोणत्या अंतरावरून येणार हे नक्की आहे : पाच फूट उंचीवरून, डांबरावर. त्यासाठीचा जिरेटोप शंभर दुकानांत मिळतो. १ जून २०२१ पासून आयएस ४१५१ मानकाचे, आयएसआय खुणेचेच हेल्मेट विकायला परवानगी आहे. त्याच्या आतल्या फोमचे काम जुन्या कापसाचेच. तो एकदाच चेपतो आणि दणका स्वतःत घेतो, म्हणून मोठा आपटा बसलेले हेल्मेट वरून ठणठणीत दिसले तरी टाकून द्यावे. २००८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार हेल्मेटमुळे अपघातग्रस्त दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. इतके देणारे स्वस्त चिलखत इतिहासात दुसरे झालेले मला ठाऊक नाही.

तरीही कोगनोळीच्या नाक्याजवळ मी पाहतो, हेल्मेट पुष्कळांच्या कोपरात अडकवलेले असते, आरशाला टांगलेले असते, पेट्रोलच्या टाकीवर मांडून ठेवलेले असते. पोलीस दिसला की डोक्यावर चढते, पुढच्या वळणावर उतरते. गरम होते, केस विस्कटतात, जवळच तर जायचे आहे. ओझ्याची आणि दिसण्याची हीच कारणे माणसे शतकानुशतके देत आली आहेत. अंगरख्याखालची ती कडीही मार्गशीर्षातल्या त्या दुपारी टोचत असतीलच. राजांनी ती भेटीला निघण्यापूर्वी घातली होती.