पंगत आणि मेज

'पंगत' हा शब्द संस्कृत 'पंक्ति'पासून आला. मराठीत त्याच्याभोवती केळीची पाने, पाट, रांगोळी आणि यजमानाचा आग्रह असे समृद्ध चित्र उभे राहते. परंतु त्याच शब्दकुळात 'पंक्तिपावन' आणि 'पंक्तिबाह्य' हे शब्दही आहेत. मराठी समाजात सहभोजनाचा इतिहास हा जवळिकीचा तसाच बहिष्काराचाही इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकात सुधारणेची कसोटी अनेकदा ताटावरच लागली. मुंबईत 1849 साली स्थापन झालेल्या परमहंस सभेत ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाणे हा दीक्षेचा भाग होता. म्हणूनच ती सभा गुप्त ठेवावी लागली. 1890 साली पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली आणि त्यावरून ग्रामण्य माजले. न्यायमूर्ती रानडे यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले. सभेत एकत्र बसणाऱ्या माणसांना एका घोटाचा हिशेब द्यावा लागला.

घरातली पंगत याहून निराळी नव्हती. आधी पुरुष व मुले, मग स्त्रिया, हा क्रम अनेक उच्चवर्णीय घरांत नियम मानला जाई. सोवळ्यात रांधणारी स्त्री शेवटी, उरलेल्यावर जेवे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये सोवळ्याचे हे बंधन एका बाईच्या मनातून हळूहळू कसे सुटत गेले, ते दिसते. तेथे मोठी चळवळ नाही. स्वयंपाकघरातला रोजचा झगडा आहे.

दिल्लीत या इतिहासाला वेगळे वळण मिळाले. राजधानी हलविण्याची घोषणा 1911 साली झाली आणि नव्या दिल्लीचे उद्घाटन 1931 साली झाले. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे सरकारी वसाहतींत राहू लागली. दोन खोल्यांच्या घरात सोवळ्याची वेगळी जागा राखणे अवघड होते. कार्यालयाची आणि शाळेची वेळ जेवणाचा क्रम ठरवू लागली. पाटाची जागा मेजाने घेतली, आणि त्याच मेजावर सकाळी डबे भरले जात, रात्री मुलांच्या वह्या पसरत.

शेजारी फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेली कुटुंबे होती. त्यांच्या भाषेतही 'पंगत' हा शब्द आहे. मात्र तेथे त्याचा इतिहास उलटा आहे. शीख परंपरेत गुरू अमरदासांनी आधी पंगत, मग संगत असा दंडक घातला, असे मानले जाते. लंगरमध्ये राजा आणि रंक एका ओळीत जमिनीवर बसतात. दिल्लीच्या बंगला साहिब गुरुद्वारात ही पंगत आजही रोज बसते. एकाच संस्कृत शब्दाने मराठीत माणसे निवडली आणि पंजाबीत निवड नाकारली, ही गोष्ट दिल्लीतल्या मराठी माणसाला पुस्तकात शोधावी लागत नाही.

तरीही मेज आले म्हणजे समता आली, असे म्हणता येत नाही. पाटाला क्रम होता, मेजालाही आहे. गरम पोळी तव्यावरून ताटात यावी, या अपेक्षेपायी घरातली बाई अजूनही अनेकदा मेजापासून दूर, शेगडीपाशी उभी असते. खुर्ची तिचीही असते. ती रिकामी राहते.

2025 साली दिल्लीत भरलेल्या अठ्ठ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद तारा भवाळकर यांच्याकडे होते. लोकसाहित्य आणि स्त्रीजीवन हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. जात्यावरच्या ओव्यांनी जे दळण बोलके केले, त्याच दळणाच्या भाकरीवर पंगत उठत असे. दळणारीचे पान मात्र शेवटी मांडले जाई. म्हणून कुटुंबाच्या एकत्र जेवणाचा इतिहास लिहिताना कोण शेजारी बसले एवढेच पाहून चालत नाही. कोण कधी बसले, हेही विचारावे लागते. पोळ्या आधी करून झाकून ठेवल्या आणि सारे एकदम बसले, तर त्या थंड होतात खऱ्या. परंतु त्या दिवशी पंगत पूर्ण होते.